पुरट्टासीतला कॅमशाफ्ट

१० ऑक्टोबर, गुरुवार. उद्या आयुधपूजा. सकाळपासून दुकानातले पाने रॉकेलमध्ये बुडवून पुसते आहे. वर्षभराचं ग्रीस, लोखंडाचा कीस, कुणाच्या तरी कापल्या बोटाचं वाळलेलं रक्त, सगळं एकाच चिंधीवर उतरतं. उद्या या पान्यांना चंदन-कुंकू लागेल, केळीच्या पानावर ते ओळीनं निजतील आणि परवा सकाळपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. हातोड्यालाही नाही. आमच्या तंजावुरात वर्षातला हा एकच दिवस असा, की लोखंड लोखंडाला मारत नाही.

मघाशी एक जण येऊन गेला. नवी नोकरी, जुनी गाडी, डोळ्यांवर काळा चष्मा.

“अक्का, कॅम बदलायचाय. गाडी नुसती उभी असली तरी थरथरली पाहिजे.”

“थरथरायला हिवताप पुरे. कॅम कशाला?”

लेथला तेल घालता घालता सेल्वम् खोकल्यासारखं हसला. सेल्वम् माझ्या वडिलांच्या वेळचा फिटर; गिऱ्हाइकासमोर तो असाच हसतो.

“चेष्टा नको, अक्का. रेसचा कॅम पाहिजे.”

“जास्त वेळ किती वेगात असतोस?”

“एकशे चाळीस.”

“कुठं? जुन्या बसस्टँडसमोर?”

पोरगा फुगून गेला. परत येईल. येतात सगळे. इंजिनाची कामं करणारी दुकानं गावात बरीच आहेत, पण कॅम घासून द्यायला राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतच यावं लागतं. तो गेला आणि हातातला पाना पुसायचा राहिला. थरथरली पाहिजे. हेच शब्द मी आधी एकदा ऐकले होते, आणि त्यामागून ती पुरट्टासी, भाद्रपद-आश्विनातला तो महिना, आली.

कॅमशाफ्ट म्हणजे अंड्याच्या आकाराचे उंचवटे असलेला एक दांडा. तो फिरतो, उंचवटा वर येतो, व्हॉल्व्हला ढकलतो. व्हॉल्व्ह उघडतो, इंजिन श्वास घेतं. उंचवटा पुढं सरकला की स्प्रिंग त्याच व्हॉल्व्हला मागं आपटते. मिनिटाला हजारो वेळा हेच. वर स्फोट, खाली तडाखा. इंजिन म्हणजे बांधून घातलेली मारामारी आहे, आणि त्या मारामारीत कुठलं दार कधी उघडायचं, कधी लावायचं, हे कॅम ठरवतो. उंचवटा उंच आणि रुंद केला की दार जास्त वेळ उघडं राहतं. वरच्या फेऱ्यांना, म्हणजे वेगात फिरताना, मग इंजिन पिसाटासारखं ओढतं. पण खालच्या फेऱ्यांना, त्याच उघड्या दारातून, आत घेतलेलं बाहेर पडतं. गाडी उभी असताना धापा टाकते, अडखळते, एखादा ठोका गिळते. पोरांना तोच आवाज आवडतो. त्यांना वाटतं, जनावर साखळीला हिसके देतंय. खरं म्हणजे त्या वेळी त्या जनावराला धड श्वासही घेता येत नसतो.

ती पुरट्टासी. घराघरांत मांस-मासळी बंद, शनिवारी पेरुमाळच्या, म्हणजे विष्णूच्या, देवळाबाहेर चपलांचा ढीग, आणि गावाबाहेर शेतात नुसती कत्तल. कुरुवै भाताची कापणी चालू होती. पट्ट्यांवर चालणारी कापणीयंत्रं चिखलात शिरत आणि समोर येईल ते घेत: भात, उंदीर, साप, बेडूक. यंत्रामागं बगळ्यांची रांग. पांढरे स्वच्छ पक्षी, चोची लाल. दुकानात अशा यंत्रांची पाती धार लावायला येत, तेव्हा त्यांच्या फटींत सापाची कातडी अडकलेली असे. सेल्वम् ती चिमट्यानं ओढून काढी, तोंडानं काहीतरी पुटपुटे आणि पुढचं पातं घेई. रस्त्याच्या अर्ध्या भागावर भात वाळत घातलेलं, कडेनं दगड मांडलेले. रोज कुणीतरी त्या दगडांवर आपटे. संध्याकाळी ढग फुटत. एकदा वीज आमच्या ओळखीच्यांच्या बागेतल्या माडावर पडली आणि भर पावसात माडाचा शेंडा मशालीसारखा जळत राहिला. लोक खाली छत्री धरून बघत होते.

माझी मुलगी यमुना तेव्हा ओरत्तनाडुच्या बाजूच्या एका गावात, खासगी दूध केंद्रात कामाला होती. दुधातलं फॅट मोजायचं, पाणी घातलेलं दूध परत पाठवायचं. गवळी तिला टरकून असत. दूध पहाटेच निघतं, म्हणून तीही उजाडायच्या आत निघे. कालव्याच्या काठचा रस्ता, मोपेड, पाठीवर परीक्षेच्या बाटल्यांचा डबा. त्या वेळी त्या वाटेला बस नसते. आमची कुणाची हरकत नव्हती. तिला तो रस्ता आवडायचा. कालव्यावरून वाफ उठते आणि डोक्यात काहीच येत नाही, म्हणायची.

पुरट्टासीच्या सुरुवातीला, अशाच एका पहाटे मागून एक जीप आली. आधी दिवे पाठीवर टाकले, मग विझवले. मग पुन्हा टाकले. यमुना बाजूला झाली तर जीपही बाजूला. मग बंपर मोपेडच्या मडगार्डला लागला; एकदा हळू, एकदा जोरात. तिसऱ्यांदा यमुना मोपेडसकट कालव्यात गेली. पाणी फार नव्हतं, पण काठाला दगड होते. जीप वर थांबली. आतली पोरं खाली उतरली नाहीत, पळालीही नाहीत. इंजिन चालू ठेवून हसत बसली. एक बाटली येऊन तिच्या शेजारी फुटली. मग जीप गेली.

कारण काही नव्हतं. नंतर शोधलं, तेव्हाही सापडलं नाही.

दुधाच्या व्हॅनचा मणी तिला घेऊन आला. हनुवटी फाटून आतलं पांढरं दिसत होतं, पुढचे दात तुटलेले, एक बरगडी तडकलेली. मला बघून ती पहिलं वाक्य बोलली ते असं: “अम्मा, डबा गेला.”

मी तिला दवाखान्यात नेलं, टाके घालताना डोकं धरलं आणि नंतर बाहेर येऊन दवाखान्याच्या भिंतीवर मूठ मारली. बोटाचं कातडं सोललं. त्यानं काही झालं नाही, फक्त दोन दिवस फटी मापायचं फिलर गेज धरता आलं नाही.

पोलीस ठाण्यात विचारलं, नंबर? नाही. रंग? अंधार होता. माणसं किती? दिसली नाहीत.

“मग बघितलंत तरी काय, अम्मा?”

“दिवे,” यमुना म्हणाली.

त्यांनी ते लिहून घेतलं.

माझे थोरले भाऊ, अण्णा, शेजारच्याच घरात राहतात. तालुका कचेरीतून निवृत्त. आवाज अजून कचेरीतलाच. संध्याकाळी ओसरीवर बसून त्यांनी निकाल दिला.

“पोरीला घरी बसव आता. तो काठ, ती पहाट! तुला कळत नाही कां?”

“कळतं. दूध पहाटेच निघतं, अण्णा.”

“मग दुसरी पोरगी काढील फॅट!”

“काढील की. मग ती पडेल कालव्यात.”

“तुझ्याशी बोलणं म्हणजे ऐरणीशी बोलणं,” असं म्हणून ते उठले. पण त्यांचं म्हणणं घरात राहिलं. दूध केंद्राच्या मालकाचाही निरोप आला: विजयादशमीला सकाळी हजर झाली तर जागा तिची, नाहीतर दुसरी बघतो. वाईट माणूस नव्हता. दूध थांबत नाही.

यमुना मात्र दारापर्यंतही येईना. सेल्वमनं मोपेड सरळ करून, रंगवून अंगणात आणली. तिनं ती खिडकीतून बघितली आणि न्हाणीघरात जाऊन ओकली. जी मुलगी दोन म्हशींच्या मालकांना एका वेळी शिव्या घालायची, ती बाहेर हॉर्न वाजला की खांदे वर करून बसायची. मला तिची नोकरी गेली असती तरी चाललं असतं. पण तो रस्ता तिच्याकडून गेला तर त्याच्यामागून दुसरा जाईल, मग तिसरा, मग गल्ली, हे मला दिसत होतं. गंज असाच पसरतो. एका ठिपक्यापासून.

एका दुपारी ती दुकानात आली. घरापासून दुकानापर्यंत, त्या पहाटेनंतरचं पहिलं चालणं.

“आप्पांची गाडी मला दे.”

तिचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची जुनी, मागच्या चाकांवर चालणारी छोटी मोटार ताडपत्रीखाली पडून होती.

“घे. पण ती सायकलीच्याही मागं राहते.”

“म्हणून तर आले तुझ्याकडं. इंजिन असं कर, की मला कुणी गाठू नये.”

हे मला समजलं. सांत्वन करायला मला येत नाही, इंजिन येतं.

त्याच संध्याकाळी मी गाडी उघडली. सिलिंडर मोठे केले, नवे पिस्टन आणले, हेड घासून दाब वाढवला, एकाच्या जागी दोन कार्बोरेटर लावले. रागानं काम केलं की माप चुकतं, असं मी शिकाऊ पोरांना सांगत आले. त्या दिवसांत मी फक्त रागानं काम करत होते आणि एकही माप चुकलं नाही. बोअरिंगचं पातं लोखंडात शिरताना जी किंचाळी निघते, ती मी कान न झाकता ऐकायची. कानातल्या दुसऱ्या सगळ्या आवाजांवर ती पुरत होती. कधी प्रेसखाली बेअरिंग बसवताना मनात यायचं, इथं एखादा हात ठेवला तर. कुणाचा, ते ठाऊक नव्हतं. बिनचेहऱ्याचा हात. हँडल दाबायची आणि बेअरिंग टप्पकन जागेवर बसायचं.

राहिला कॅम. बाकावर तीन ठेवले. पहिला गाडीचा मूळचा: सालस, गोल. दुसरा मी स्वतः घासलेला: उंचवटा थोडा उंच, दार थोडं जास्त वेळ उघडं. तिसरा कोइंबतूरहून आणवलेला, रेसचा. त्याचे उंचवटे पाहिले तरी दंडाची बेटकुळी आठवे.

यमुनानं तिसऱ्यावर हात ठेवला. “हा.”

“हा खाली ओढत नाही. आधी जोर सोडतो, मग एकदम लाथ घालतो.”

“घालू दे लाथ.”

“तुला पाहिजे काय? बसमागून, भाताच्या ढिगातून, कापणीयंत्राच्या शेजारून निसटायचं. तिथं तू दुसऱ्या गिअरमध्ये असणार. हा दुसऱ्या गिअरमध्ये खोकत बसेल.”

“मला निसटायचं नाही,” ती म्हणाली. तुटलेल्या दातांमुळे शब्दातून हवा जात होती. “मला त्यांना गाठायचंय. मागून. त्यांच्याच रस्त्यावर.”

सेल्वम् पंप उघडत होता, तो थांबला. माझ्याही मनात दुसरं काही नव्हतं.

त्याच आठवड्यात एक जण मोटार घेऊन आला. तिलाही कुणीतरी असाच रानटी कॅम घातलेला. दारात उभी राहून ती अडखळायला लागली आणि यमुनाच्या हातातलं कॉफीचं भांडं खाली पडलं. मला वाटलं, नेहमीसारखी दचकली. पण ती दचकली नव्हती. ती ऐकत होती.

“अम्मा, ती जीप अशी होती. वर उभी होती ना, तेव्हा.”

“अशी?”

“अशीच नाही. ती याच्याहून जास्त थांबायची.”

“कशी, ते वाजवून दाखव.”

तिनं बाकाच्या पत्र्यावर बोटांनी वाजवलं. दोन ठोके, एक गिळलेला, मग तीन घाईचे, पुन्हा एक गिळलेला. पुन्हा तसंच. कालव्यातल्या पाण्यात, हनुवटी धरून, तिनं ते सगळं ऐकून ठेवलं होतं.

आमच्या भागात तसा श्वास घेणारं एकच इंजिन होतं. पेट्रोल इंजिन बसवलेली जुनी जीप, भाताच्या गिरणीवाल्यांची. चालवायला त्यांचा मुलगा कदिर. तोच आला होता माझ्याकडं, उभी असली तरी थरथरली पाहिजे म्हणत. असा कॅम शेताच्या वाटेवर कामाचा नाही, हे मी त्याला सांगितलं होतं. “काम कुणाला करायचंय अक्का,” तो हसून म्हणाला होता, “गल्लीला कळलं पाहिजे कोण आलंय.” मी घासून दिला. तो माझा धंदा आहे. न्हावी वस्तरा कुणाच्या गालावर फिरवतो, हे तो गालवाल्याच्या चारित्र्यावरून ठरवत नाही.

ठाण्यात परत गेले. नाव सांगितलं. त्यांनी पंख्याचा वेग वाढवला, बसायला सांगितलं, ऐकून घेतलं.

“आवाजाची केस होत नाही, अम्मा. कुणीतरी बघितलेला माणूस आणा.”

परत आले तर यमुना दुकानातच होती. रेसचा कॅम हातात. “आता तरी हाच घाल,” म्हणाली. “आता कुणाला गाठायचं ते ठाऊक आहे.”

मी तिला दमात घेतलं नाही. काम दाखवलं. घरच्या पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, मूर्तीसाठी आणलेली माती थोडी उरली होती. दरवर्षी आम्ही ती दुकानात वापरतो. पिस्टनच्या माथ्यावर तिची चकती थापली, तिसरा कॅम घातला, हेड बसवलं आणि इंजिन हातानं, अगदी हळू, पुरतं फिरवलं. मग हेड काढलं. मातीत व्हॉल्व्हचा ठसा उमटला होता. जिथं बोटभर माती होती तिथं कागदाएवढी उरली होती. एका बाजूला तर पिस्टन उघडा दिसत होता.

“हातानं फिरवलं तर एवढं,” मी म्हटलं. “जोरात फिरलं तर व्हॉल्व्ह पिस्टनला चावेल. मान तुटेल त्याची. तुकडा आत पडेल, पिस्टन त्यालाच कुटेल, दांडा वाकून इंजिनाच्या भिंतीतून बाहेर येईल. गरम तेल एक्झॉस्टवर. मग तू त्यांच्याच रस्त्यावर, त्यांच्यासमोर, जळत्या गाडीत.”

“पिस्टनला खाचा पाड. पाडतात ना तसं.”

“पाडता येतात.”

“मग पाड!”

“नाही.”

“कां?”

“कारण मग तू रोज पहाटे दुधाला नाही जाणार. जीप शोधायला जाणार. आणि एक दिवस ती सापडेल.”

“सापडू दे! तुला भीती वाटते. अण्णामामांसारखीच!”

मी तिच्या हातातून कॅम घेतला, ऐरणीच्या कडेवर आडवा धरला आणि मोठा घण घातला. कॅमचं लोखंड कडक असतं, म्हणून ठिसूळही. मुळ्यासारखा मोडला. एक तुकडा उडून पत्र्याच्या भिंतीवर गेला, दुसरा माझ्या हातात झिणझिण्या देत राहिला. मोडलेल्या जागी लोखंड साखरेसारखं चमकत होतं.

“अय्यो, कोरा होता,” सेल्वम् म्हणाला.

यमुनानं माझ्या तोंडाकडं बघितलं, खाली बघितलं, आणि त्या दिवसानंतर प्रथमच रडली. तोंड उघडं टाकून, लहान पोरं रडतात तशी. मी दुसरा कॅम तेलात बुडवला आणि बसवायला घेतला. थोड्या वेळानं नाक पुसत तीही आली आणि तिनं टायमिंगची साखळी धरली.

आयुधपूजेच्या आदल्या दिवशी इंजिन गाडीत चढलं. सुरू करायचं राहिलं. “पूजा होऊ दे, अक्का,” सेल्वम् म्हणाला, “परवा पहिला पाना याच गाडीला लावू.” हत्यारं धुऊन पूजेत गेली.

पूजेच्या सकाळी गल्लीत वाहनांची रांग लागते. ट्रॅक्टर, व्हॅन, मोटारसायकली, झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, चाकाखाली लिंबं. पूजा झाली की पोरी आणि चणे वाटायचे. पोरी म्हणजे आमच्याकडचे कुरमुरे. आणि प्रत्येक वाहनाची दृष्ट काढून कोहळा फोडायचा. कोहळ्याला वर भोक पाडून आत कुंकू, चुना, पाणी घालतात, माथ्यावर कापूर पेटवतात, वाहनाभोवती तीनदा ओवाळतात आणि रस्त्यावर आपटतात. दुपारपर्यंत गल्ली खाटकाच्या ओट्यासारखी लाल होते.

मणीच्या दुधाच्या व्हॅनचा कोहळा फुटला आणि पाठोपाठ तो आवाज गल्लीत शिरला. दोन ठोके, एक गिळलेला. कदिर दरवर्षी आमच्याच दारात पूजा करून घेई, या वर्षीही आला. नेसायला पांढरी वेष्टी, कपाळाला विभूती, मागं दोघे मित्र. त्याला ठाऊक नव्हतं, की अंधारात हेल्मेटखाली कुणाची मुलगी होती. की होतं? ते मी आजवर ठरवू शकलेले नाही.

“अक्का, नल्ला, झकास पूजा करा बरं कां! यंदा जीपला फार दृष्ट लागलीय!”

यमुना कुरमुऱ्यांचं पितळी ताट घेऊन दारात आली. पायरीवर उभी राहिली. आत गेली नाही. “अम्मा,” ती हळूच म्हणाली, “हीच.”

कदिरनं तिच्या हनुवटीवरचा लाल व्रण बघितला. “पोरगी पडली कां कुठं?” त्यानं विचारलं. मागच्या सीटवरचा एक जण हसला. फार नाही. नाकातून, थोडंसं. तेवढं पुरलं.

“इंजिन बंद करू नको,” मी म्हटलं. “चालू इंजिनाची दृष्ट काढते.”

कोहळा दरवर्षी सेल्वम् फोडतो. मी त्याच्या हातातून घेतला. जड होता. कापूर पेटवला, जीपभोवती एकदा, दोनदा, तीनदा फिरले. तो स्टिअरिंगमागं हात जोडून बसला होता. समोर आले, कोहळा दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि त्याच्या तोंडासमोरच्या काचेवर घातला.

काच एकदम पांढरी झाली आणि मग लाल. कुंकवाचं पाणी तडकलेल्या रेघांतून आत झिरपायला लागलं, बिया बॉनेटवर उडाल्या, कापराचा जळता तुकडा वायपरवर अडकून तसाच जळत राहिला. कोहळ्याचा अर्धा भाग अजून माझ्या हातात होता. तोही घातला.

पुढचं सगळं एकदम झालं. कदिर खाली उतरला आणि त्यानं माझ्या थोबाडीत मारली. कानात शिट्टी वाजली. सेल्वम् धावत आत गेला, पूजेतल्या मोठ्या पान्यावर त्याचा हात पडणार, तोच गल्लीतून दहाजण ओरडले, “आयुधाला हात लावू नको रे!” आणि त्याचा हात तसाच हवेत राहिला. मग तो केळीचा खुंट उपटून बाहेर आला. मित्र उतरले, त्यांनी आमच्या दारातला ऊस ओढला. कुणी माळ गळ्यात टाकून ओढत होतं, कुणी कोहळ्याच्या फोडी मारत होतं. पायाखाली लिंबं फुटत होती, लाल चिखलावरून माणसं घसरत होती. शंभर हत्यारं दोन हातांवर मांडलेली, आणि मारामारी चालली होती भाजीपाल्यानं. कदिरनं माझे केस धरले. तेव्हा यमुना पायरी उतरली. कुरमुरे सांडत आली आणि पितळी ताटाची कड तिनं त्याच्या नाकावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ओळखते. तो खाली बसला.

मला लोकांनी धरलं, त्याला धरलं. सगळे धापा टाकत उभे राहिले आणि मधे जीप तिच्या तऱ्हेनं धापा टाकत राहिली.

“ऐका,” मी ओरडले. “हा आवाज ऐका. हाच आवाज माझ्या मुलीला कालव्यात टाकून वर उभा होता.”

“कुणी बघितलं?” कदिर नाक धरून ओरडला. “कुणी बघितलं ते सांग!”

पुढचे दोघे-तिघे मागं सरले. गिरणीवाल्यांकडं अर्ध्या गल्लीचं भात जातं. मग मणी पुढं आला. त्याचा सदरा फाटला होता, मानेवर झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या.

“मी,” तो म्हणाला. “त्या पहाटे ही जीप समोरून आली. दिवे विझवून. मी हिला उचललं त्याच्या जरासं आधी.” आणि यमुनाकडं न बघता म्हणाला, “आधी बोललो नाही, बाळा. गिरणीवाल्यांचं दूधही मीच नेतो.”

ठाण्यात त्या दिवशीही पूजाच होती, पण जबाब लिहून घेतला. दुपारी गिरणीवाल्यांचा फोन आला. काच फोडली म्हणून केस घालतो, म्हणाले. घाला, मी म्हटलं, म्हणजे पोरीनं तोंड कां फोडलं तेही लिहिलं जाईल. पलीकडून फोन ठेवला. अण्णा संध्याकाळी आले, माझ्या सुजलेल्या गालाकडं बघितलं, म्हणाले, “शोभा झाली,” आणि गालाला लावायला बर्फ ठेवून गेले.

यमुना रात्री नीट जेवली. मग म्हणाली, “केस होईल, न होईल. रस्ता तर तसाच आहे ना, अम्मा?”

“तसाच आहे.”

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. उजाडायच्या आत उठून मी दुकान उघडलं, नमस्कार केला आणि पानावरचा पहिला पाना उचलला. कॅमवर टेकणारे टॅपेट पुन्हा मापले, तेल भरलं, यमुनाला चावी फिरवायला सांगितलं. नवा कॅम पहिल्यांदा फिरला की त्याला निवांत ठेवायचं नसतं. लगेच वेग वाढवून तिथंच धरायचा, तेल वर उडालं पाहिजे, नाहीतर उंचवटे आणि टॅपेट एकमेकांना खातात. इंजिन पेटलं तशी मी गळा पकडल्यासारखी थ्रॉटल धरली. पत्रे थरथरले, नव्या रंगाचा धूर झाला, शेजारच्यांची खिडकी उघडली आणि बंद झाली. मग थ्रॉटल सोडली. उभ्या गाडीचं इंजिन चालत राहिलं; किंचित खरखरीत, पण एकही ठोका न गिळता.

“बस,” यमुना म्हणाली. मी शेजारी बसले.

गावाबाहेर पडलो तेव्हा पूर्वेला राखाडी रेघ आली होती. कालव्याचा काठ लागला आणि तिचा वेग आपोआप उतरला. हात स्टिअरिंगवर पांढरे. पुढं एक कापणीयंत्र रस्ता भरून चाललं होतं, शेजारी वाळत घातलेल्या भाताचे दगड. ते दगड ती पडली त्या काठावरून उचललेले, हे मला ठाऊक होतं. तिलाही. यंत्रामागं ती रेंगाळली. मागून कुणाचे तरी दिवे आरशात आले, साधी मोटारसायकल, पण तिचे खांदे वर गेले.

“दुसरा टाक,” मी म्हटलं.

“जागा नाही.”

“आहे. दुसरा.”

तिनं दुसरा टाकला आणि पाय दाबला. गाडीनं विचार केला नाही. पाठीत गुद्दा बसावा तशी ओढली, माझं डोकं मागं आपटलं, यंत्राची पाती हातभरावरून गेली, मडगार्डखाली भात फरफरलं, एक दगड उडाला, आणि पुढं रस्ता मोकळा. यमुना काहीतरी मोठ्यानं ओरडली. शिवी होती, गवळ्यांना घालायची ती.

थोडं पुढं गेल्यावर मी म्हटलं, “थांबव. मी उतरते.”

“इथं? कशाला?”

“शटर उघडं टाकून आलेय. सेल्वम् एकटा आहे.”

“परत कशी जाशील?”

“उजाडल्यावर बस येईल. तू जा, दूध आलं असेल.”

तिनं माझ्याकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं, आणि गिअर टाकला. मी काठावर उभी राहून ऐकत राहिले. दुसरा पडला, तिसरा पडला, मग मधे जरा जास्तच वेळ लागला. चौथा पडल्यावर मी रस्ता ओलांडून तंजावूरकडच्या बाजूला गेले.